तीन खंडांतले सहलेखक आणि एक प्रमेय

प्रॉबॅबिलिटीतल्या, म्हणजे संभाव्यतेच्या गणितातल्या, पेपरवर हल्ली एकच नाव क्वचित दिसतं. दोन-तीन नावं नेहमीची, आणि खाली पत्ते पाहावेत तर एक बंगळूरुचा, एक पॅरिसचा, एक न्यूयॉर्कचा. या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, नमुने बर्फात घालून पाठवावे लागत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की यात अंतराची काय अडचण येणार? अडचण येते. ती गणिताच्या मुख्य कल्पनेत सहसा नसते. स्थिरांकांत, घड्याळांत, फायलींत आणि फॉर्मांत असते. भारतात बसून युरोप-अमेरिकेतल्या सहलेखकांबरोबर पेपर कसा उभा राहतो आणि कुठे कुठे अडतो, ते आम्ही जसं करतो तसं लिहिलं आहे.

प्रश्न बहुतेक वेळा चर्चासत्रात मिळतो, पण व्याख्यानाच्या खोलीत नाही, जेवणाच्या टेबलावर. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाखची गणित-संशोधन संस्था १९४४ पासून आहे. तिथे प्रत्येकाच्या नावाचं नॅपकिनचं पाकीट असतं आणि ती पाकिटं दुपारी आणि रात्री टेबलांवर उलटसुलट मांडलेली असतात. त्यामुळे आपल्या ओळखीच्या घोळक्यात बसायची सोयच उरत नाही. पर्कोलेशनवाल्याच्या शेजारी रँडम मॅट्रिक्सवाला, म्हणजे दुसऱ्याच शाखेतला माणूस, येतो. बुधवारी दुपारी व्याख्यानं नसतात, सगळे डोंगरात पायी फिरायला जातात. दोन-तीन तास एकाच माणसाबरोबर चालताना जे बोलणं होतं ते पन्नास मिनिटांच्या व्याख्यानात होत नाही. मार्सेयचं लुमिनी, कॅनडातलं बान्फ, बंगळूरुचं आयसीटीएस या संशोधन केंद्रांची पद्धत थोडी वेगवेगळी, पण माणसांना आठवडाभर एका छपराखाली ठेवायचं हे सूत्र तेच.

प्रश्न हाती आला की त्याच आठवड्यात तो एका वाक्यात लिहून काढायचा. अमुक मॉडेल, अमुक गृहीतकं, आणि अमुक राशीचा व्हेरियन्स (किमतींची पसरण) मॉडेलच्या आकाराच्या, म्हणजे एन च्या, कितव्या घाताने वाढतो? एका वाक्यात मावत नसेल तर तो अजून प्रश्न झालेला नाही, नुसता विषय आहे, आणि विषयावर तीन देशांतली माणसं वर्षभर गोड गप्पा मारू शकतात. सोबत दुसरं वाक्यही लिहायचं: यातलं सर्वांत सोपं रूप कोणतं, जे एका महिन्यात सुटायला हवं? ते सोपं रूप महिन्यात सुटलं नाही तर मोठ्या प्रश्नाची आशा धरण्यात अर्थ नसतो, आणि हे सगळ्यांना एकाच वेळी कळलेलं बरं.

मग आधीचं काम धुंडाळायचं. मॅथसायनेट आणि झेडबीमॅथ ओपन (हे २०२१ पासून सर्वांना मोफत आहे) या गणिती पेपरांच्या सूची, आणि अर्काइव्ह हे छापण्याआधीच्या पेपरांचं खुलं भांडार, तिन्ही. इथे फसायला होतं ते नावांमुळे. लास्ट पॅसेज पर्कोलेशन (जाळीवर सर्वांत मोठ्या बेरजेची वाट), टीएएसईपी ही कणांची एकदिशा प्रक्रिया, आणि एकामागे एक लावलेल्या सर्व्हरांच्या रांगा: गणिताच्या दृष्टीने ही एकाच वस्तूची तीन रूपं आहेत. पण त्यांवरचे पेपर तीन वेगळ्या समाजांत, तीन वेगळ्या नियतकालिकांत छापले जातात. अर्काइव्हच्या प्रॉबॅबिलिटी विभागात शोधून काही सापडलं नाही म्हणून खूश व्हायचं नाही. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि कॉम्बिनेटॉरिक्सच्या विभागांत डोकावल्याशिवाय शोध पुरा होत नाही. सहलेखक वेगवेगळ्या परंपरांतले असले तर हे काम आपोआप वाटलं जातं. दूरच्या माणसाबरोबर काम करण्याचा हा मोठा फायदा, आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

माणसं जमवताना तंत्रं पाहायची. ग्रेगरी लॉलर, ओडेड श्राम आणि वेंडेलिन वेर्नर या तिघांनी ब्राउनियन गतीच्या (कणाच्या अखंड यादृच्छिक भटकंतीच्या) छेदन-घातांकांवर, म्हणजे अशा वाटा एकमेकींना न छेदण्याची शक्यता किती वेगाने घटते ते सांगणाऱ्या आकड्यांवर, २००१ च्या आसपास जे पेपर लिहिले, त्यांत हे स्वच्छ दिसतं. लॉलर अमेरिकेत विद्यापीठात, श्राम मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात, वेर्नर पॅरिसजवळ ओर्सेला. घातांकांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास, श्रामने २००० साली मांडलेली नवी प्रक्रिया आणि प्रतलातल्या ब्राउनियन गतीवरची पकड या गोष्टी एकत्र आल्या आणि ब्राउनियन गतीच्या बाह्य सीमेची मिती ४/३ आहे हे मँडेलब्रोचं अनुमान सिद्ध झालं. तिघांनाही तेच तंत्र येत असतं तर तिघांची गरजच पडली नसती. आपल्या लहान पेपरलाही हाच निकष लावावा: कपलिंगचं (दोन प्रक्रिया एकत्र बांधण्याचं) तंत्र एकाला यावं, कॉन्सन्ट्रेशनच्या (राशी सरासरीजवळ राहते असं दाखवणाऱ्या) असमता दुसऱ्याला, बहुमापन (लहान मापावरून मोठ्या मापाकडे जाणारे) युक्तिवाद तिसऱ्याला. चौथ्या माणसाने त्याहून वेगळं काही आणावं, नाहीतर तो फक्त बैठकीची वेळ ठरवणं अवघड करतो.

लेखकांच्या नावांचा विषय पहिल्याच महिन्यात बोलून टाकावा. गणितात नावं इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लागतात. कोणी जास्त काम केलं याचा त्या क्रमाशी संबंध नसतो. हार्डी आणि लिटलवूड या केंब्रिजच्या गणितींच्या जोडीचे चार नियम सांगितले जातात: लिहून पाठवलेलं बरोबर आहे की चूक याला महत्त्व नाही, पत्राचं उत्तर द्यायची, किंबहुना ते वाचायचीही सक्ती नाही, दोघांनी एकाच तपशिलावर डोकं चालवू नये, आणि एखाद्या पेपरात एकाने काहीच केलं नसलं तरी नाव दोघांचं. पहिला आणि चौथा नियम आजही उत्तम चालतात. दुसरा मात्र तीन खंडांत काम करताना पाळू नये. केंब्रिजात आज नाही तर उद्या गाठ पडायची. इथे गप्प बसलेला सहलेखक आजारी आहे, कंटाळला आहे की दुसऱ्या कामात अडकला आहे, हे कळायला मार्ग नाही. ‘दोन आठवडे मला जमणार नाही’ एवढी एक ओळ पुरते.

आद्याक्षरांचा क्रम भारतात फॉर्म भरताना त्रास देतो. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के गुण धरतात. वाघ, वैद्य, यादव यांनी जन्मभर तीस टक्क्यांतच राहायचं का? उपाय साधा आहे. पेपर पाठवताना पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून ज्याला गरज आहे त्याचं नाव द्यायचं. परदेशातल्या सहलेखकांना या गोष्टीने काही फरक पडत नाही, फक्त का ते त्यांना सांगावं लागतं. शिवाय अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं २००४ चं निवेदन आहे, गणितात संयुक्त संशोधनात नावं आद्याक्षरांनी लागतात असं सांगणारं. त्याची प्रत अर्जाला जोडावी. निवड समितीत गणिताचा माणूस नसेल तर या एका कागदाने बराच वाद वाचतो.

आता ज्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा आणि ज्यावर सर्वांत कमी घातला जातो, ते काम: संकेतनाचं पान. एकही लेमा (मुख्य प्रमेयाकडे नेणारं छोटं विधान) लिहायच्या आधी एक-दोन पानांत ठरवून टाकायचं की कोणतं चिन्ह कशासाठी आणि कोणतं प्रमाणीकरण (राशी मोजायचं माप) वापरायचं. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात. पण एकेका देशात शिकवतानाच्या सवयी वेगळ्या असतात आणि त्या माणसाला स्वतःच्या जाणवत नाहीत. फ्रान्समध्ये शिकलेल्याच्या मनात धन म्हणजे शून्य किंवा त्याहून मोठं. शून्य वगळायचं असेल तर तो ‘काटेकोर धन’ म्हणतो. नैसर्गिक संख्या त्याच्याकडे शून्यापासून सुरू होतात. वाढतं फलन म्हणजे सपाट राहिलं तरी चालतं असं. जिऑमेट्रिक वितरण कोणी शून्यापासून मोजतं, कोणी एकापासून. एक्स्पोनेन्शियलचा पॅरामीटर कोणासाठी दर असतो, कोणासाठी सरासरी. प्रॉबॅबिलिटीवाले लाप्लासियन या क्रियेच्या आधी अर्धा लावतात, विश्लेषणवाले लावत नाहीत.

एक उदाहरण जवळून पाहू, म्हणजे किती फरक पडतो ते कळेल. दोन मितींतलं विविक्त (जाळीवरचं) गॉसियन फ्री फील्ड घ्या. एन बाय एन चौकटीतल्या प्रत्येक बिंदूला एक यादृच्छिक उंची, कडेला उंची शून्य, आणि कोव्हेरियन्स (दोन बिंदूंच्या उंचींचा एकमेकींशी संबंध किती ते सांगणारा आकडा) म्हणजे ग्रीन फंक्शन. एक सहलेखक म्हणतो, ग्रीन फंक्शन म्हणजे साध्या रँडम वॉकने (जाळीवरच्या यादृच्छिक चालीने) कडेबाहेर पडण्यापूर्वी त्या बिंदूला किती वेळा भेट दिली त्याची अपेक्षित संख्या. मग मध्यबिंदूचा व्हेरियन्स साधारण (२/पाय) गुणिले लॉग एन, इथे पाय म्हणजे π. दुसरा म्हणतो, ग्रीन फंक्शन म्हणजे आलेखाच्या लाप्लासियन मॅट्रिक्सचा व्यस्त, जिच्या कर्णावर ४ आहेत. हा आधीच्याचा चौथा भाग, म्हणजे व्हेरियन्स १/(२ पाय) गुणिले लॉग एन. तिसरा अखंड (जाळीऐवजी सलग प्रतलावरच्या) फील्डकडून आलेला असतो. त्याला कोव्हेरियन्समध्ये लॉगच्या आधी १ च हवा असतो. आता सर्वोच्च उंची काढा. पहिल्याच्या हिशोबात ती साधारण २√(२/पाय) गुणिले लॉग एन, म्हणजे १.५९६ पट, हेच रूप बोल्टहाउझेन, डॉयशेल आणि जाकोमिन यांच्या २००१ च्या निकालात आहे. दुसऱ्याच्या हिशोबात बरोबर निम्मी, ०.७९८ पट. तिसऱ्याच्या हिशोबात सरळ २ पट. तिघेही बरोबर. पण लेमा तीन पहिल्या प्रमाणीकरणात आणि लेमा सात दुसऱ्यात असेल तर मधल्या एका असमतेत ४ चा गुणक गायब होतो, आणि जिथे सिद्धता अगदी काठावर बसते तिथे त्या चाराने सगळं कोसळतं. काठावर न बसणाऱ्या ठिकाणी तर कोणालाच पत्ता लागत नाही आणि चूक छापून येते.

म्हणून प्रमाणीकरण निवडताना ‘मला सवय आहे’ हे कारण चालत नाही. ज्या एका मोठ्या जुन्या निकालावर पेपर टेकलेला आहे, त्या पेपरचं प्रमाणीकरण जसंच्या तसं घ्यायचं, सगळ्यांनी नाकं मुरडली तरी. आणि संकेतनाच्या पानाच्या तळाशी एक तपासणी-ओळ ठेवायची, जसं वरच्या उदाहरणात ‘मध्यबिंदूचा व्हेरियन्स (२/पाय) लॉग एन’. नवा लेमा लिहिला की ती ओळ त्याच्याशी जुळते का ते प्रत्येकाने पाहायचं.

वेळेचं गणित तुलनेने सोपं. भारतात संध्याकाळचे ७ म्हणजे हिवाळ्यात पॅरिसला दुपारचे २:३०, न्यूयॉर्कला सकाळचे ८:३०. उन्हाळ्यात तेच ३:३० आणि ९:३० होतात. तीन टोकांना चालणारी ही जवळजवळ एकमेव वेळ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोणी असेल तर त्याला पहाटे उठावं लागतं किंवा आपल्याला रात्री बसावं लागतं. घोळ होतो तो मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. परतीला युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. भारत कधीच नाही. या मधल्या आठवड्यांत कोणी ना कोणी तासभर रिकाम्या खोलीत बसतं. कॅलेंडरातलं निमंत्रण भारतीय वेळेत लावलं की निदान एक टोक स्थिर राहतं.

बैठक तासाभराची, आठवड्यातून एकदा. त्यापेक्षा जास्त भेटलं तर मधे विचार करायला वेळ मिळत नाही, कमी भेटलं तर पहिली वीस मिनिटं मागच्या वेळी काय झालं ते आठवण्यात जातात. टॅब्लेटवर लिहायचं, कॅमेऱ्यासमोर फळा धरायचा नाही. फळ्यावरचं तळचं चिन्ह पलीकडे कधीच वाचता येत नाही. बैठक संपली की लिहिलेलं पीडीएफ सगळ्यांना, आणि त्याच दिवशी कोणीतरी एकाने पाच-सहा ओळी: काय पटलं, काय पडलं, पुढच्या वेळेपर्यंत कोण काय पाहणार. पडलेल्या कल्पना नक्की लिहायच्या, का पडल्या त्यासकट. सहा महिन्यांनी तीच कल्पना नवीन म्हणून परत येतेच.

लिहायला ओव्हरलीफ, म्हणजे टेक या गणिती अक्षरजुळणीच्या भाषेत अनेकांनी मिळून लिहायचं संकेतस्थळ. फुकटच्या खात्यावर सहलेखक जोडण्याला मर्यादा आहे, म्हणून ज्याच्या संस्थेने पैसे भरले आहेत त्याच्या खात्यात फाइल उघडावी. प्रत्येक विभागाची वेगळी फाइल, मॅक्रोंची (चिन्हांसाठी स्वतः केलेल्या लघु-आदेशांची) एकच फाइल, आणि त्या फायलीला हात लावणारा एकच माणूस. नाहीतर एकाने प्रॉबॅबिलिटीसाठी केलेला मॅक्रो दुसऱ्याच्या प्रोजेक्शनच्या मॅक्रोला गाडतो आणि कुठलीही सूचना न देता निम्म्या सूत्रांचा अर्थ बदलतो. प्रत्येक लेमाचा एक मालक आणि एक तपासनीस, दोघे वेगळे. मालक लिहितो. तपासनीस कागदावर स्वतः सिद्ध करतो आणि मगच समासात खूण करतो. नुसतं वाचून ‘ठीक वाटतं’ म्हणणं ही तपासणी नाही. तीन लेखकांच्या पेपरात सर्वांत धोक्याचा लेमा तो, जो बाकी दोघांपैकी एकाने तपासला असेल असं प्रत्येकाला वाटतं.

चुका कुठे लपतात तेही एव्हाना ठरलेलं आहे. रँडम वॉकची एखाद्या बिंदूला शेवटची भेट हा स्टॉपिंग टाइम (पुढचं न पाहता ओळखता येणारा क्षण) नाही, पण तिथून पुढे स्ट्राँग मार्कोव्ह (अशा क्षणापासून प्रक्रिया नव्याने सुरू होते हा गुणधर्म) लावला जातो. एफकेजी असमता (वाढत्या घटना एकमेकींना पोषक असतात असं सांगणारी) वाढत्या घटनांसाठी आहे. घटनांच्या यादीत एखादी न वाढणारी शिरली की ती लागू होत नाही. क्लस्टर (जोडलेल्या बिंदूंचा पुंजका) उघडत गेल्यावर त्याच्या कडेच्या रेषा बंद आहेत ही माहिती आपल्याला मिळालेली असते, तरी पुढच्या ओळीत त्या रेषा ‘स्वतंत्र’ धरल्या जातात. सीमा (लिमिट) आणि अपेक्षित मूल्य यांची अदलाबदल युनिफॉर्म इंटिग्रॅबिलिटी (टोकाच्या किमतींचा वाटा नगण्य राहतो ही अट) न दाखवता होते. या चुका एकट्याच्या पेपरातही होतात. दोन जागा मात्र खास संयुक्त लेखनाच्या.

पहिली म्हणजे युनियन बाउंड, अनेक वाईट घटनांच्या शक्यतांची बेरीज करून एकूण शक्यतेला वरची मर्यादा घालणं. एकाच्या लेमात वाईट घटनेची शक्यता १/एन पेक्षा कमी निघते आणि तो ‘मोठ्या संभाव्यतेने’ असं लिहून मोकळा होतो. दुसरा त्याच्या विभागात ते वाक्य वाचतो आणि चौकटीतल्या एन-वर्ग बिंदूंना एकदम लावतो. एन-वर्ग गुणिले १/एन म्हणजे एन. हाती काहीच नाही. म्हणून ‘मोठ्या संभाव्यतेने’ हा शब्दप्रयोग लेमाच्या विधानात वापरायचा नाही, दर लिहायचा. दुसरी जागा स्थिरांकांची साखळी. एक म्हणतो एप्सिलॉन सी वर अवलंबून निवडा. दुसऱ्या विभागात सी हा डेल्टावरून ठरतो. तिसऱ्यात डेल्टा एप्सिलॉनपेक्षा लहान हवा. प्रत्येक विभाग वेगळा वाचला तर निर्दोष, एकत्र ठेवले की वर्तुळ. यावर उपाय एकच: पेपरच्या मागे एक तक्ता, कोणता स्थिरांक आधी ठरतो, कोणता नंतर, कोणता कशावर अवलंबून. छापायच्या पेपरात तो ठेवायची गरज नाही. पण तो तक्ता वरून खाली भरता येत नसेल तर प्रमेय सिद्ध झालेलं नाही.

संगणकावर नमुने काढून पाहावेत, पण त्याची मर्यादा ओळखून. गुणक ४ गेला असेल तर संगणक लगेच सांगतो, म्हणून वरच्या प्रमाणीकरणासाठी तो फार चांगला. पण फ्री फील्डच्या सर्वोच्च उंचीत पुढचं पद लॉग लॉग एन चं आहे. एन १००० असताना लॉग लॉग एन जेमतेम १.९ आणि एन दहा लाख केला तरी २.६. मुख्य गुणक बाहेर काढल्यावर त्याच्या आधी येणारा ३/८ आकड्यांतून ओळखायला जाऊ नये. स्लो बाँडच्या प्रश्नात हेच झालं. टीएएसईपीमध्ये फक्त एका जोडणीवर कणांचा वेग थोडासा कमी केला, तर संपूर्ण प्रवाह कमी होतो का? यानोव्स्की आणि लेबोविट्झ यांनी नव्वदच्या दशकात हा प्रश्न मांडला, आणि वेग अगदी किंचित कमी केला तर परिणाम होतो की नाही यावर संगणकी प्रयोगांतून दोन्ही बाजूंची मतं निघाली. २०१४ मध्ये रिद्धिप्रतिम बसू, व्लादास सिदोराविचुस आणि अॅलन स्लाय यांनी सिद्ध केलं की वेग कितीही थोडा कमी करा, प्रवाह घटतोच. ती घट इतकी सूक्ष्म असते की प्रयोगातून ती दिसली नाही यात नवल नाही.

वर्षभर पडद्यावर भेटून काम अडलं की एक आठवडा समोरासमोर बसावं लागतं. याला पर्याय नाही, निदान आम्हाला सापडलेला नाही. बान्फला दोन ते चार जणांच्या छोट्या गटासाठी वेगळी योजना आहे, ओबरवोल्फाख आणि लुमिनीलाही तशाच. राहणं-जेवण बहुधा ते देतात, विमानाचं भाडं आपलं. भारत-फ्रान्स कामासाठी १९८७ पासून सेफिप्रा ही संयुक्त संशोधनाला निधी देणारी संस्था आहे. मॅट्रिक्स या सरकारी गणित-संशोधन अनुदानाच्या योजनेत वर्षाला २ लाख रुपये, तीन वर्षं मिळत. गणितवाल्याला त्यात युरोपची एक फेरी आणि एक लॅपटॉप बसे, आणि तेवढंच हवं असतं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा, यजमान संस्थेचं पत्र, आपल्या संस्थेची ना हरकत. यजमानाच्या पत्रात राहण्याचा खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं असावं. ‘तुमचं स्वागत आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र खिडकीवरून परत येतं. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे, तेव्हा उन्हाळ्यात दोन परिषदा आणि एक भेट जोडताना दिवस मोजावेत. उलट दिशेने, सहलेखक भारतात परिषदेला येणार असेल तर परिषद-व्हिसासाठी परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाच्या मंजुऱ्या आयोजकांनी आधी मिळवाव्या लागतात. त्याला महिने लागतात, आठवडे नाही. आणि पाहुणा अतिथिगृहात उतरला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाची नोंद ऑनलाइन करायची असते. रविवारी पहाटे विमान उतरतं आणि अतिथिगृहाचं कार्यालय सोमवारी उघडतं, हे आधी लक्षात घेतलेलं बरं. त्या आठवड्यात लिहित बसायचं नाही. लिहिणं दूरवरून होतं; अडलेली जागा फळ्यासमोरच सुटते.

पेपर तयार झाला की अर्काइव्ह. न्यूयॉर्कच्या वेळेने दुपारी २ पर्यंत आलेलं त्या रात्री ८ ला जाहीर होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात म्हणजे रात्री ११:३० ची मुदत आणि पहाटे ५:३० ला यादी, हिवाळ्यात दोन्ही तासभर पुढे. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री यादी निघत नाही. टेकची मूळ फाइल सर्वांना उतरवून घेता येते, हे नवे लोक विसरतात. टक्क्याच्या चिन्हामागे लपवलेल्या सगळ्या शेरेबाजीसकट ती जाते: ‘हे खरंच बरोबर आहे का?’, ‘अमक्याच्या पेपरात इथे भोक आहे’. तेव्हा शेरे काढून टाकणारा प्रोग्राम चालवल्याशिवाय फाइल चढवायची नाही. संदर्भांची बीबीएल फाइल सोबत द्यावी. परवाना सर्व लेखकांनी पाहून निवडावा, कारण जाहीर झालेल्या आवृत्तीसाठी तो नंतर बदलता येत नाही, आणि एकदा जाहीर झालेला पेपर पुसताही येत नाही. मागे घेतला तरी जुनी आवृत्ती राहते.

दुसरा गट त्याच प्रश्नावर आहे असं कळलं तर सरळ पत्र लिहावं. दोन्ही पेपर एकाच दिवशी चढवायचे आणि एकमेकांचा उल्लेख करायचा ही पद्धत प्रॉबॅबिलिटीत रुळलेली आहे, आणि ती बहुतेक जण पाळतात. घाईने एक दिवस आधी टाकून कोणी काही मिळवल्याचं पाहिलेलं नाही.

नियतकालिक निवडताना पैशाचा विचार भारतातून करावाच लागतो. इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ प्रॉबॅबिलिटी लेखकांकडून शुल्क घेत नाही आणि सर्वांना खुलं आहे. त्याचंच धाकटं भावंड इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स लहान पेपरांसाठी, १२ पानांपर्यंत. एएलईए हे नियतकालिकही खुलं. युरोपातल्या सहलेखकाला त्याच्या निधीच्या अटींमुळे खुलं नियतकालिकच हवं असू शकतं. ते शेवटच्या दिवशी कळलं तर भांडण होतं. गणिताच्या ठरलेल्या वर्गीकरणातले विषय-क्रमांक नीट द्यावेत, पर्कोलेशन आणि कणप्रणालींसाठी ६०के३५ वगैरे. संपादक रेफ्री (पेपर तपासणारा तज्ज्ञ) शोधताना तेच पाहतो.

मग सहा महिने ते दीड वर्ष शांतता. रेफ्रीचा अहवाल आला की उत्तराचा मसुदा एकाने लिहावा आणि प्रत्येक मुद्द्याला ‘बदल केला, पान अमुक’ किंवा ‘बदल केला नाही, कारण’ असं द्यावं. रेफ्रीला सिद्धता कळली नाही तर तो चुकला असं समजण्याआधी त्या लेमाचा तपासनीस बदलून पाहावा. प्रूफं येतात ती ४८ तासांत परत द्या म्हणून, आणि हमखास कोणाच्या तरी परीक्षांच्या आठवड्यात. कोण वाचणार ते आधीच ठरलेलं असावं. छापखान्यात प्रमेयांचे क्रमांक कधी कधी बदलतात: अर्काइव्हवर प्रमेय १.३ असतं ते नियतकालिकात प्रमेय ३ होतं. इतरांनी तोवर जुन्या क्रमांकाने संदर्भ दिलेले असतात, म्हणून अर्काइव्हच्या शेवटच्या आवृत्तीतही छापील क्रमांकच ठेवावेत आणि टिप्पणीच्या रकान्यात तसं एका ओळीत लिहावं.